मूठ बदलण्याआधी मनगट बघा: सायकलच्या ग्रिप, बार एंड आणि बार टेपची पारख

हात दुखायला लागला की पहिला खर्च ग्रिपवर होतो. जाड, मऊ, जेल भरलेली जोडी येते, चार दिवस बरं वाटतं, आणि मग त्याच बोटांत त्याच मुंग्या परत. यात ग्रिपचा दोष असतोच असं नाही. हातावर किती भार येणार आणि मनगट किती मोडणार हे सीट, स्टेम (हॅंडलला सायकलशी जोडणारा पुढचा तुकडा) आणि ब्रेक लिव्हर ठरवतात. ग्रिपच्या वाट्याला उरतं ते आलेला भार तळहातावर पसरवणं आणि हात घसरू न देणं, एवढंच. म्हणून खाली ज्या वस्तूंना चांगलं म्हटलंय त्या सगळ्यांना एक अट लागू आहे: फुकटात होणारी जुळवणी आधी झालेली हवी. ती नीट झाली की बऱ्याच जणांना नवीन ग्रिप लागतही नाही. ग्रिपच्या परीक्षणात हे लिहिणं जरा विचित्र आहे, पण आहे ते असं आहे.

कुठलं बोट बधिर होतंय?

खरेदीची दिशा यावरून ठरते, म्हणून हे आधी.

करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका बधिर होत असेल तर दाब अल्नर नसेवर येतोय. ही नस तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला, एका अरुंद वाटेतून जाते आणि तिथे तिच्यावर मांसाचं पांघरूण फारच कमी असतं. गोल नळीसारख्या ग्रिपवर हात टेकला की भार नेमका त्या चिंचोळ्या पट्टीवर येतो. इथे ग्रिपचा आकार बदलून खरोखर फरक पडतो.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर गोष्ट वेगळी. ती मीडियन नस, आणि तिचं दुखणं बहुधा मनगट मागे मोडून राहिल्याचं असतं. त्यावर मऊ ग्रिपचा उपाय म्हणजे चप्पल चावते म्हणून मोजे बदलण्यासारखं. ब्रेक लिव्हरचा कोन बदला.

अंगठ्याच्या बेचक्यात फोड येत असतील तर ग्रिप हातात फिरतेय किंवा हॅंडलवर फिरतेय. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू भरून येत असतील तर ग्रिपची जाडी चुकलीय किंवा ब्रेक लिव्हर बोटांपासून लांब आहे. खांदे आणि मान अवघडत असेल तर हॅंडलची रुंदी आणि अंतर तपासा. सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा जात नसेल, बटण लावताना किंवा किल्ली फिरवताना बोटांत जोर वाटत नसेल, तर पाना बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

आधी फुकटातलं

सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर शरीर सतत पुढे घसरतं आणि हात ते अडवत बसतात. सपाट जमिनीवर सायकल उभी करून सीटवर एक सरळ पट्टी आणि तिच्यावर लेव्हल ठेवा. सीट सपाट हवी. एखाद्या अंशाचा फरक चालतो, पाच अंशांचा नाही.

त्यानंतर हॅंडलची उंची. बहुतेक नव्या सायकलींत स्टेमच्या वर किंवा खाली स्पेसरच्या चकत्या असतात. वरच्या चकत्या स्टेमखाली घातल्या की हॅंडल तितकं वर येतं. स्टेम उलटा केला तर आणखी फरक पडतो: १०० मिमी लांबीचा आणि ६ अंशांचा स्टेम उलटा बसवला की हॅंडल साधारण २ सेंटिमीटर वर जातं. घट्ट करण्याचा क्रम पाळा. आधी वरच्या टोपीचा बोल्ट, हेडसेटमधला (हॅंडल वळतं तिथल्या बेअरिंगमधला) खुळखुळा जाईल इतकाच. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट. उलट केलं तर टोपीचा बोल्ट कितीही आवळा, हेडसेट सैलच राहतो आणि दोष बेअरिंगला दिला जातो. हॅंडल पकडणाऱ्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट कर्णरेषेत, थोडे थोडे आवळायचे. पट्टीच्या वर आणि खाली फट सारखी दिसली पाहिजे, अर्थात बनवणाऱ्याने एक बाजू पूर्ण मिटवायला सांगितली नसेल तर. जोर साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर; स्टेमवर आकडा छापलेला असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) नसेल तर अंदाजासाठी: ८ सेंटिमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकाला सव्वासहा किलोचा जोर दिला की ५ न्यूटन-मीटर होतात. कार्बनच्या हॅंडलला मात्र अंदाजपंचे नको.

ब्रेक लिव्हर सगळ्यात महत्त्वाचे. नेहमीसारखं बसा, बोटं लिव्हरवर ठेवा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत एक सरळ रेषा हवी. लिव्हर जमिनीला समांतर असेल तर बोटं वर उचलावी लागतात आणि मनगट मागे मोडतं. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून लिव्हर खाली फिरवा. ३५ ते ४५ अंश खाली ही सुरुवातीची जागा. ताठ बसणाऱ्यांना याहून थोडं वर, पुढे झुकून चालवणाऱ्यांना थोडं खाली. मग लिव्हर आतल्या बाजूला सरकवा, इतकं की तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणावर पडेल. हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने धरता येतो, मग बाकीची तीन बोटं मूठ धरायला मोकळी. लिव्हर आणि ग्रिपमधलं अंतर कमी करायला लिव्हरच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो. तो फिरवल्यावर लिव्हर पूर्ण दाबून बघा, ग्रिपला टेकता कामा नये. क्लॅम्प अगदी दगडासारखा आवळू नका. सायकल पडली तर लिव्हर फिरावा, तुटू नये.

टायरमधली हवा पण बघा. टायरच्या कडेवर छापलेला सर्वांत वरचा आकडा ही मर्यादा असते, शिफारस नव्हे.

पंखाच्या ग्रिप

मागच्या बाजूला तळहाताखाली रुंद पाटासारखा भाग असलेल्या ग्रिप. हा आकार लोकप्रिय केला तो जर्मनीच्या अर्गॉन कंपनीने, आणि तिची जीपी१ ही अजूनही मोजमापाला धरावी अशी वस्तू आहे. अल्नर नसेवरचा भार काढून तळहाताच्या मोठ्या भागावर टाकायचा, हे काम ती चोख करते. पंख आतून पोकळ नाही, त्यामुळे दाबला तरी बसत नाही. धातूचा क्लॅम्प असल्याने नीट आवळलेली ग्रिप फिरत नाही. लहान आणि मोठ्या हातासाठी दोन मापं मिळतात, आणि मूठ फिरवून गिअर बदलणाऱ्या शिफ्टरसाठी आखूड ग्रिप असलेली जोडीही मिळते. शिफ्टर कुठल्या बाजूला आहे ते बघून जोडी मागवा. एक आखूड एक लांब, की दोन्ही आखूड, हे सायकलनुसार बदलतं.

माप निवडताना घाई नको. मूठ वळल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडापाशी येऊन जेमतेम थांबली पाहिजेत. टोकं तळहातात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे आणि हात उगाच आवळला जातो. टोकं आणि अंगठ्यात बोटभर फट राहत असेल तर ग्रिप जाड आहे, आणि ती धरून ठेवायला स्नायूंना जास्त जोर लागतो. लहान हातावर मोठं माप घेणं ही इथली सगळ्यात सर्रास चूक, कारण दुकानात जाड वस्तू जास्त आरामदायी भासते.

बसवायला दहा मिनिटं पुरतात, कोन जमवायला आठवडा लागतो. जुनी ग्रिप काढल्यावर हॅंडल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. तेलाचा, जुन्या डिंकाचा अंश राहिला तर क्लॅम्प कितीही आवळा, ग्रिप हळूहळू फिरणार. डावी-उजवी ओळखून ग्रिप सरकवा, बोल्ट अर्धवट आवळा, सायकलवर बसा आणि पंख तळहाताला पूर्ण टेकेल अशा कोनात आणा. सुरुवात जमिनीला समांतर पंखाने करावी. मग छापलेल्या जोराइतका बोल्ट आवळा आणि निदान अर्धा तास चालवा. पंखाची मागची कड खाली गेली असेल तर मनगट तिच्यामागे लोंबतं आणि मागे मोडतं, म्हणजे अंगठ्याकडची बोटं बधिर. मागची कड फार वर असेल तर तळहाताच्या बुडावर टोचतं आणि बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचत नाहीत. एका वेळी तीन-चार अंशच बदला. हॅंडलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेन्सिलने खूण करत गेलात तर दोन्ही बाजू सारख्या ठेवता येतात. हे न केल्याने डाव्या-उजव्या हाताची तक्रार वेगवेगळी असलेले लोक बरेच आढळतात.

साफ केल्यावरही फिरतच असेल तर हॅंडलचा रंग फार गुळगुळीत आहे. क्लॅम्पच्या खाली कार्बन पेस्टचा पातळ थर लावा. त्यातले बारीक कण घर्षण वाढवतात आणि ॲल्युमिनियमलाही चालतात.

उणी बाजू अशी की खडबडीत उतारावर, उभं राहून चालवताना, मनगट ग्रिपभोवती फिरत राहतं आणि पंख मध्ये येतो. डोंगरातल्या पायवाटांसाठी ही ग्रिप घेऊ नका. लांब पल्ल्याचा डांबरी रस्ता, रोजचं ऑफिस, सामान लादून प्रवास, इथे मात्र तिला तोड नाही. रबर उन्हात आणि घामात वर्षानुवर्षं राहिलं की चिकट होतं. ज्यांचे हात फार घामेजतात त्यांनी हीच ग्रिप बायोकॉर्क प्रकारात बघावी, तिच्या मिश्रणात बुचाच्या झाडाच्या सालीचे कण असतात. ती थोडी कडक लागते.

बाजारात याच आकाराच्या स्वस्त नकला ढिगाने आहेत. विकत घेण्याआधी दोन गोष्टी करून बघा. पंख अंगठ्याने दाबा: आत पोकळ लागला, खाली गेला, तर तो भार पेलणार नाही. आणि क्लॅम्प बघा: क्लॅम्प नसलेली पंखाची ग्रिप घेण्यात अर्थ नाही, कारण गोल ग्रिप थोडी फिरली तर कळत नाही, पंख फिरला तर पूर्ण बैठक बिघडते.

सिलिकॉनच्या ग्रिप

ईएसआय कंपनीच्या सिलिकॉन ग्रिप फोमसारख्या दिसतात पण फोम नव्हेत. रेसर्स एज ३० मिमी, चंकी ३२ मिमी आणि एक्स्ट्रा चंकी ३४ मिमी अशी जाडी. चंकीच्या जोडीचं वजन ६० ग्रॅमच्या आसपास. रस्त्याचा बारीक थरथराट गिळण्यात या यादीत त्यांच्या जवळ कुणी नाही. आकार गोलच असल्याने अल्नर नसेच्या तक्रारीवर त्या पंखाइतक्या उपयोगी नाहीत. थरथराटाने हात बधिर होणाऱ्याला यांची शिफारस, एकाच जागी दाब येणाऱ्याला नाही.

क्लॅम्प नसतो, त्यामुळे बसवण्यात सगळं कौशल्य आहे. हॅंडल आणि ग्रिपचं आतलं अंग स्वच्छ हवं. ग्रिपचं एक तोंड बोटाने बंद करून आत दोन चमचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता, हलवा, उरलेलं हॅंडलच्या टोकावर ओता आणि एका दमात ग्रिप आत ढकला. मध्ये थांबलात तर अल्कोहोल उडून जातं आणि ग्रिप अर्ध्यात अडकते. तसं झालं तर ओढाताण करू नका. सिलिकॉन फाटायला एक चीर पुरते. कडेने आणखी थोडं अल्कोहोल सोडा आणि परत ढकला. मग रात्रभर राहू द्या. साबणाचं पाणी वापरायचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने ग्रिप चढते खरी, पण आतलं पाणी सुकायला दिवस लागतात, ग्रिप फिरत राहते आणि हॅंडल स्टीलचं असेल तर आतल्या आत गंज धरतो. तेल किंवा चेन ल्यूब लावलेली ग्रिप तर कधीच पक्की बसत नाही.

लांबी जास्त वाटली तर धारदार ब्लेडने कापता येते. टोकं हा यांचा कमकुवत भाग: सायकल भिंतीला टेकवून ठेवायची सवय असेल तर सिलिकॉन टोकाला आधी फाटतं. चिखल किंवा सनस्क्रीनचा थर बसला की त्या गुळगुळीत होतात, साबणाने धुतल्या की पकड परत येते.

लॉक-ऑन आणि बाकीच्या

ओडीआय कंपनीने रुळवलेल्या लॉक-ऑन ग्रिपमध्ये रबराच्या आत कडक प्लॅस्टिकची नळी असते आणि ती रिंगने हॅंडलवर आवळली जाते. काढायला-घालायला अर्धा मिनिट, ओल्यात फिरत नाही, डोंगरी सायकलला हाच प्रकार योग्य. पण त्या नळीची जाडी रबरातून वजा होते, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. सरळ हॅंडल ग्रिपच्या जागी २२.२ मिमी जाड असतं. बाहेरून ३१ मिमीची साधी ग्रिप आणि ३१ मिमीची लॉक-ऑन यात लॉक-ऑनमध्ये मऊ थर नेहमीच पातळ. दोन्ही टोकांना रिंग असलेल्यात बाहेरची रिंग तळहाताच्या कडेला टोचते. फक्त आतल्या बाजूला रिंग असलेली घ्या, म्हणजे हात थेट टोकापर्यंत ठेवता येतो.

चामड्याच्या ग्रिप दिसायला देखण्या, आरामाला मध्यम, पावसाला नावडत्या. दुचाकी मोटरसायकलवर शोभणारी फोमची जाड नळी हलकी आणि स्वस्त आहे, पण घाम पिते आणि लवकर चेमटते.

बार एंड: लहानशी वस्तू, मोठा फरक

कितीही चांगल्या ग्रिपवर हात एकाच जागी दोन तास ठेवला तर दुखणारच. नसेला आराम मिळतो तो जागा बदलल्याने. सरळ हॅंडलची खरी उणीव ही आहे की त्यावर हाताला एकच जागा असते, आणि ती भरून काढायला बार एंडइतका, म्हणजे हॅंडलला शिंगासारख्या जोडलेल्या छोट्या दांड्याइतका, साधा उपाय नाही. त्यावर हात ठेवला की तळहात एकमेकांसमोर येतात आणि मनगट त्याच्या नैसर्गिक स्थितीत जातं.

बाहेरच्या टोकाला बसणाऱ्या बार एंडसाठी ग्रिप आणि लिव्हर २० ते २५ मिमी आत सरकवावे लागतात, तेवढी सरळ नळी शिल्लक आहे का ते आधी मोजा. पंखाच्या ग्रिपमध्ये बार एंड जोडलेलाच हवा असेल तर अर्गॉनच्या जीपी२, जीपी३ आणि जीपी५ मध्ये तो चढत्या लांबीने येतो. टप्प्याटप्प्याने जागा बदलण्यापुरता जीपी३ पुरेसा आहे. जीपी५ ची लांब शिंगं चढावर ओढायला छान, गर्दीत आणि दारातून नेताना अडचणीची. कोन १५ ते ३० अंश वर असा ठेवून सुरुवात करा. सरळ आकाशाकडे वळवलेला बार एंड मनगटाला वाकडं करतो आणि पडल्यावर पोटात लागण्याची भीती वेगळी.

ग्रिपच्या आतल्या बाजूला, ब्रेक लिव्हरच्या अलीकडे बसणारे एसक्यूलॅब कंपनीचे इनरबारएंड हा जास्त शहाणा प्रकार वाटतो. अंगठा आत अडकवून हात जवळ येतात, बोटं लिव्हरपाशीच राहतात. बाहेरच्या बार एंडवर हात असताना ब्रेक हाताशी नसतो, हे विसरून चालत नाही.

कार्बनच्या हॅंडलवर बार एंड लावायचा तर ते हॅंडल त्यासाठी चालतं असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलं हवं. टोकाला मजबुतीचा थर नसेल तर क्लॅम्पखाली नळी चिरडते आणि बाहेरून काही दिसतही नाही.

हॅंडलच बदलायचं तर

सरळ हॅंडलची टोकं साधारण ५ ते ९ अंश मागे वळलेली असतात. हात सैल सोडून पुढे धरा, मुठी त्याहून बऱ्याच जास्त कोनात पडतात. एसक्यूलॅबची १२ आणि १६ अंशांची हॅंडल हा कोन भरून काढतात आणि एरवी सायकलचा स्वभाव फारसा बदलत नाहीत. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर पंखाच्या ग्रिपआधी हाच बदल करावा असं आमचं मत. जोन्स एच-बारमध्ये तो कोन ४५ अंश असतो. आराम भरपूर, पण मुठी बऱ्याच मागे येतात, त्यामुळे लांब स्टेम लागू शकतो आणि केबलची मांडणी बदलू शकते. क्लॅम्पची जाडी जुळते का बघा: २५.४, ३१.८ आणि ३५ मिमी ही सरळ हॅंडलची मापं एकमेकांत चालत नाहीत. बारीक हॅंडल मोठ्या स्टेममध्ये बसवायला शिम (फट भरणारी पातळ कडी) मिळतो, उलट शक्य नाही.

रुंदी कमी करायची तर करवत शेवटी. आधी ग्रिप, लिव्हर, शिफ्टर सगळं दोन्ही बाजूंनी सारखं आत सरकवा आणि आठवडाभर तसंच चालवा. बाहेर राहिलेली नळी विचित्र दिसते, दिसू दे. तिची टोकं बुचाने बंद ठेवा आणि गर्दीत तेवढं भान असू द्या. जमलं तर मगच कापा, एका वेळी प्रत्येक बाजूला ५ मिमी. ॲल्युमिनियमला इंचाला ३२ दातांचं हॅक्सॉ ब्लेड, कापल्यावर आतली-बाहेरची कड कानशीने मोडायची. पाइप कटरने काप सरळ येतो पण आत कड उभी राहते, मग बूच बसत नाही. कार्बनला नळीभोवती चिकटपट्टी गुंडाळून, बारीक दातांच्या ब्लेडने, पाणी मारत, तोंडाला मास्क लावून. कार्बनची धूळ फुफ्फुसात गेलेली चालत नाही. हॅंडलवर किमान रुंदीची खूण असेल तर तिच्या आत जायचं नाही.

ड्रॉप हॅंडल आणि टेप

टोकं खाली वळलेल्या या रेसिंग पद्धतीच्या हॅंडलवर ग्रिपची जागा टेप घेते आणि कारागिरीवर निम्मं अवलंबून असतं. स्वस्त टेप नीट गुंडाळलेली असेल तर ती महाग टेपच्या ढिल्या वेटोळ्यांपेक्षा जास्त चालते.

लिझर्ड स्किन्सची डीएसपी टेप १.८, २.५ आणि ३.२ मिमी जाडीत येते. पकड, विशेषतः हातमोजे न घालता आणि घामेजल्या हाताने, अव्वल. २.५ मिमी बहुतेकांना पुरते. ३.२ मिमी खराब रस्त्यांसाठी. हात लहान असेल तर तिने हॅंडल बोजड होतं. ताणण्याच्या बाबतीत ती नाजूक आहे: जरा जास्त ओढली तर वरचा थर चिरतो. सिनेलीची कॉर्क टेप तिच्यापुढे जुनाट वाटेल, पण गुंडाळायला शिकायचं असेल तर तीच घ्या. चुकली तर उलगडून परत गुंडाळता येते, वळणावर सुरकुती कमी पडते आणि उशीही बरी. पकड मात्र ओल्यात साधारण. सुती कापडाच्या टेपवर चपडीचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन-तीन हात देणारेही आहेत. ती वर्षानुवर्षं टिकते, रंगाने सुंदर होते, आणि आरामाच्या नावाने जवळजवळ शून्य.

गुंडाळण्याआधी लिव्हरची जागा पक्की करा, नंतर टेप उलगडल्याशिवाय ती बदलता येत नाही. लिव्हरवरचं रबरी आवरण (हूड) वर दुमडा, केबल इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीने तीन-चार जागी हॅंडलला बांधा, लिव्हरच्या पट्ट्यावर टेपचा छोटा तुकडा ठेवा. सुरुवात खालच्या टोकाकडून. पहिला वेढा अर्धा बाहेर लोंबता ठेवा, तो नंतर बुचाबरोबर आत दाबला जातो. प्रत्येक वेढा आधीच्यावर एक तृतीयांश ते निम्मा चढवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला अंतर वाढतं, तिथे नजर ठेवा, नाहीतर धातू उघडा पडतो. टेपला सारखा हलका ताण हवा.

दिशेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि टेप सैल पडण्याचं मुख्य कारण तेच. सायकलच्या मागे उभं राहून बघितलं तर खालच्या भागात उजवी बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि डावी उलट गुंडाळावी, कारण खाली धरून जोर लावताना हात बाहेरच्या बाजूला पिळला जातो आणि त्याने टेप घट्टच होते. पण हीच गुंडाळी तशीच वर नेली तर वरच्या सरळ भागात टेप वरून पुढच्या बाजूला जाते. तिथे हात मागे, स्वतःकडे ओढतो, आणि वेढे उलगडतात. म्हणून लिव्हरपाशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तिरका वेढा घेऊन दिशा पालटायची, की वरच्या भागात टेप वरून तुमच्याकडे येईल. पहिल्यांदा करताना लिव्हरशी फट राहते. ठेवलेला छोटा तुकडा ती झाकतो.

शेवटी टेप तिरकी कापून कड हॅंडलला समांतर आणा आणि इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचे तीन वेढे द्या. शेवटचा वेढा न ताणता टाकायचा. ताणलेली चिकटपट्टी ऊन लागलं की आक्रसून मागे सरकते आणि खाली डिंकाचा पट्टा राहतो.

आणखी उशी हवी तर टेपखाली जेलचे तुकडे मिळतात. वरचा सरळ भाग आणि लिव्हरमागचा उतार, एवढ्याच जागी लावा. पूर्ण हॅंडलभर दोन टेप एकावर एक गुंडाळणं खडतर रस्त्यांवर चालतं, पण जाडीचा तोच मुठीचा नियम इथेही लागू आहे.

जुनी टेप काढाल तेव्हा खालचा धातू नीट बघा. घामातलं मीठ टेपमध्ये मुरतं आणि ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते, मग खड्डे पडतात. पुसल्यावर नुसता डाग राहिला तर ठीक. नखाला खड्डा लागला, किंवा लिव्हरच्या पट्ट्याखाली केसासारखी रेघ दिसली, तर नवी टेप त्या हॅंडलवर चढवू नका, हॅंडल बदला.

आणि दोन्ही टोकांना बूच हवंच, ग्रिप असो वा टेप. उघडी नळी पडताना भोक पाडायच्या पंचसारखी मांसात शिरते. बूच सैल बसत असेल तर त्याच्या दांड्याभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन ठोकून बसवा. तरीही निघत असेल तर आत स्क्रूने फुगणारं बूच घ्या.